खांद्यावरची वायर

सावंतवाडीचा कुरियरवाला आला तेव्हा
उभादांड्याच्या शेडमध्ये आम्ही पाच जण होतो
आणि साल्वादोर फर्नांडिसची पंच्याण्णवची मारुती,
लाल म्हणून घेतलेली,
तीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने
वाळल्या आमसुलासारखी झालेली.

खोका बाबल रेडकरने उघडला,
बांगड्याचं पोट फाडावं तसा, एका रेषेत.
आत काळ्या फोममध्ये नवं मशीन,
दोन बॅटऱ्या, चार्जर, लोकरीचा पॅड, पिवळा पॅड.
महिनाभर हाच जप चालला होता :
कोल्हापुरात कुणाकडे आलं, म्हापशात कुणी आधी पटकावलं.
रात्री दीडला बाबलचा फोन,
"एकवीसचो थ्रो आसा मेल्या, एकवीसचो!"
त्याच्या बायकोला वाटलं, क्रिकेट.

पहिल्यांदा हातात घेतलं मुबीन मुल्लाने.
दोह्यात नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चमकवून आलेला माणूस.
नारळ हलवून बघावा तसं कानाशी नेलं,
बटण दाबलं,
आणि तोंड वासून म्हणाला, "आवाज खंय गेलो?"
हर्षदला मुबीनच्या कानावर विश्वास नाही,
त्याने मोबाइलवर आवाज मोजला,
मग वजन करायला शेजारी मासळीच्या काट्यावर नेलं
काट्याला सुरमईचा वास, म्हणून खाली पेपर घालून.
दोन किलो सहाशे. पेपरासकट.

साल्वादोर एवढंच विचारत होता,
"रंग रवतलो मां रे?"

माझ्याकडे कुणी बघितलं नाही.
मी सहा वर्षं इथे वायर धरतो.
बोर्डापासून येणारी लांब पिवळी वायर
खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून कोपरात.
बाबल सरकला की मी सरकणार,
तो वाकला की ढील देणार,
घासलेल्या पत्र्याला तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही.
सोपं वाटतं.
रापण ओढताना जो सगळ्यात मागे दोर गुंडाळतो
त्याला विचारा.

ह्या मशीनला वायर नाही.

बॉनेटच्या मधोमध निळी टेप चिकटवली.
टॉर्च मारला तर ओरखड्यांचं जाळंच जाळं.
पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब,
आणि बाबल सुरू.
ना धक्का, ना हातांना मुंग्या,
मध्येच त्याने एका हाताने नाक खाजवलं
तेव्हा मुबीनने टाळीच वाजवली.
मी आपला त्याच्या मागे, पावलाला पाऊल,
खांदा वर करून.
"सोड रे गुणाजी," हर्षद हसला, "वायर नाय ती."

अठ्ठाविसाव्या मिनिटाला मशीन दोनदा टिकटिकलं
आणि थांबलं.
दुसरी बॅटरी कोरी आलेली.
वार सोमवार, लाईट पाचला येणार.

टेप ओढून काढली.
डाव्या अर्ध्यात शेडच्या पत्र्याचं भोक,
भोकातून माडाची एक झाप,
वाकून बघणारे चौघे
आणि त्यांच्या मागे माझा खांदा, अजून वर.
उजव्या अर्ध्यात काहीच नाही,
नुसतं बंदर सोसलेलं लोखंड.
पहिल्यांदाच कुणाला बोलायला सुचेना.

साल्वादोरने तीन फेऱ्या मारल्या.
"ऱ्हवांदे असाच," म्हणाला.
"दुसरी बाजू केलास तर लोकांक कळतला कसा?"

पुढे महिनाभर तो तशीच गाडी फिरवत होता.
रविवारी चर्चच्या दारात डावी बाजू पुढे,
संध्याकाळी ताडीवाल्याकडे उजवी,
तिथे उधारी मागायला ती बरी पडते म्हणे.

पण त्या दिवशी पाचला लाईट आली.
बाबलने चार्जर घेतला,
त्याची वायर वीतभर, बोर्ड पार भिंतीच्या टोकाला.
पॉलिशच्या बाटल्यांमागे, पोत्यांखाली शोधलं,
शेवटी वळून म्हणाला,
"गुणाजी, तुझी ती पिवळी खंय आसा?"

ती माझ्या पाठीमागेच होती, नीट वेटोळं घातलेली.
मी म्हटलं, बघतो.